मिश्रण की संयुग? घरच्या घरी तपासायच्या कसोट्या, आणि त्या कुठे फसतात

मूलद्रव्यं, संयुगं आणि मिश्रणं यांच्या व्याख्या सातवी-आठवीतल्या मुलांना पाठ असतात. पण हातात पितळेची वाटी, तुरटीचा खडा किंवा ग्लासभर दूध देऊन विचारलं, ‘हे काय आहे?’, की बहुतेक जण दिसण्यावरून उत्तर देतात. एकजीव दिसलं की संयुग, कण वेगळे दिसले की मिश्रण. हा अंदाज इतक्या वेळा चुकतो की तो सोडूनच द्यायला हवा. मिठाचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि ते मिश्रण आहे. दूध पांढरंशुभ्र, एकसंध दिसतं, पण अंधारात ग्लासमधल्या पाण्यात दुधाचे चार थेंब टाकून बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा. प्रकाशाचा पट्टा लख्ख दिसतो, कारण स्निग्धांश आणि प्रथिनांचे बारीक कण प्रकाश विखुरतात. हेही मिश्रणच, कलिल प्रकारातलं.

मग फरक कशात आहे? मिश्रणात घटक एकमेकांशेजारी असतात. त्यांचे गुणधर्म शाबूत असतात आणि ते कोणत्याही प्रमाणात एकत्र येऊ शकतात. संयुगात वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू रासायनिक बंधांनी जोडलेले असतात, त्यांचं प्रमाण ठरलेलं असतं आणि तयार होणारा पदार्थ घटकांपेक्षा निराळा असतो. माझ्या मते यातला प्रमाणाचा मुद्दा सगळ्यात भक्कम आहे. पाठ्यपुस्तकात तो बहुधा एका ओळीत आटोपतो. इथे मी त्यालाच जास्त जागा देणार आहे.

पहिली पायरी: वेगळं करता येतं का?

वाळू, मीठ आणि लोखंडाचा कीस प्रत्येकी १० ग्रॅम घ्या. कीस लेथच्या कारखान्यात सहज मिळतो. तेलकट असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. तिन्ही पदार्थ एकत्र कालवा. मग या क्रमाने काम करा.

लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मिश्रणावरून फिरवा. पिशवीशिवाय फिरवलात तर कीस चुंबकाला असा चिकटतो की नंतर तो काढता काढता पुरेवाट होते. पिशवीला चिकटलेला कीस कागदावर नेऊन चुंबक बाहेर काढला की तो आपोआप गळून पडतो. एका फेरीत सगळा येत नाही. मिश्रण पसरून, हलवून पुन्हा पुन्हा फिरवा.

उरलेल्या वाळू-मिठात ५० मिलिलीटर कोमट पाणी घालून ढवळा. मीठ विरघळेल. वाळू तळाशी बसली की वरचं पाणी दुहेरी सुती कापडातून किंवा गाळणकागदातून गाळा. वाळूवर अजून थोडं पाणी ओतून तेही गाळून घ्या, नाहीतर बरंच मीठ वाळूला चिकटून राहतं. गाळलेलं पाणी स्टीलच्या ताटलीत मंद आचेवर आटवा. शेवटचं चमचाभर पाणी उरलं की गॅस बंद करून ताटली उन्हात ठेवा. आचेवरच कोरडं करायला गेलात तर मीठ तडतडून बाहेर उडतं आणि वजनाचा हिशेब बिघडतो.

आता तिन्ही गोष्टी वाळवून वजन करा. हाताळणीत थोडं सांडतं, पण तिन्ही वजनं दहाच्या जवळपास येतील. मीठ खारटच असतं आणि कीस चुंबकाला पूर्वीसारखाच चिकटतो. कोकणातल्या मिठागरांत समुद्राच्या पाण्यातून मीठ मिळतं तेही याच तत्त्वावर, फक्त आचेऐवजी ऊन आणि वारा असतो.

इथे एक खोच लक्षात ठेवा. आपल्याकडच्या नद्यांच्या वाळूत चुंबक फिरवला तर काळे कण चिकटून येतात. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्ट खडकातून आलेले हे मॅग्नेटाइटचे कण आहेत, आणि मॅग्नेटाइट हे लोखंड व ऑक्सिजनचं संयुग आहे. म्हणजे ‘लोखंड संयुगात गेलं की चुंबकाला चिकटत नाही’ असा सरसकट नियम करता येत नाही. चुंबकाने वाळूतून मॅग्नेटाइट वेगळं केलं एवढंच. मॅग्नेटाइटमधलं लोखंड त्याने वेगळं होणार नाही. त्यासाठी भट्टी लागेल.

दुसरी पायरी: प्रमाण बदलून पाहा

यासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणि खाण्याचा सोडा आणा. खाण्याच्या दर्जाचेच घ्या. स्वयंपाकाचा वजनकाटाही लागेल.

आधी दोन्ही पावडरी चिमूट चिमूट घेऊन कोरड्याच मिसळा. जिभेवर कणभर ठेवलं की आंबट आणि खारट-तुरट अशा दोन्ही चवी लागतात. भिंगातून दोन प्रकारचे कण दिसतात. प्रमाण हवं ते घ्या, काहीही बिघडत नाही. हे मिश्रण कोरडं ठेवलं तर महिनोन्‌महिने टिकतं. पोटासाठी घेतात त्या फ्रूट सॉल्टच्या पुडीत मुख्यतः हेच दोन पदार्थ असतात.

आता तीन मोठे ग्लास घ्या. प्रत्येकात २०० मिलिलीटर पाणी आणि ८ ग्रॅम लिंबूसत्त्व घालून विरघळू द्या. पहिल्या ग्लासात ५ ग्रॅम सोडा, दुसऱ्यात १० ते साडेदहा ग्रॅम आणि तिसऱ्यात १६ ग्रॅम सोडा हळूहळू घाला. एकदम ओतलात तर फेस ओट्यावर येईल. फसफस थांबेपर्यंत ढवळत राहा. यानंतर तपासणी करा:

- पहिल्या ग्लासात चिमूटभर सोडा टाका. पुन्हा फसफसेल, म्हणजे आम्ल उरलं आहे.
- तिसऱ्या ग्लासात लिंबू पिळा. तिथेही फसफसेल, म्हणजे सोडा उरला आहे.
- दुसऱ्या ग्लासातलं थोडं थोडं पाणी दोन वाट्यांत काढून एकीत सोडा आणि दुसरीत लिंबू घाला. दोन्हीकडे जवळजवळ काहीच होणार नाही.

कोरड्या मिश्रणाने प्रमाणाची फिकीर केली नव्हती. अभिक्रिया मात्र प्रमाण पाळते आणि जास्तीचं जे असेल ते बाजूला टाकते. निर्जल सायट्रिक ॲसिडच्या १९२ ग्रॅमला २५२ ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे १६ ला २१. त्यातून २५८ ग्रॅम सोडियम सायट्रेट, १३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ५४ ग्रॅम पाणी तयार होतं. दोन्ही बाजूंची बेरीज ४४४ येते.

हा हिशेब काट्यावरही पाहता येतो. आम्लाचा ग्लास आणि सोड्याची वाटी एकत्र काट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवा. मग सोडा ग्लासात हळूहळू घालून रिकामी वाटी पुन्हा काट्यावर ठेवा. दुसऱ्या ग्लासाचं प्रमाण घेतलं असेल तर आकडा साधारण ५ ग्रॅमने उतरतो. उडून गेलेल्या वायूचं ते वजन. शेवटी दुसऱ्या ग्लासातलं पाणी आटवा. ताटलीत पांढरी पूड उरेल, पण तिला लिंबूसत्त्वाचा आंबटपणा नसेल. वाळू-मिठासारखं ‘आपलं आपलं परत’ इथे मिळत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. इथे मूलद्रव्यांपासून संयुग बनलेलं नाही. दोन संयुगांपासून नवी संयुगं बनली आहेत. पण ठरलेल्या प्रमाणाचा नियम दोन्हीकडे सारखाच चालतो, आणि तो स्वयंपाकघरात इतक्या सुरक्षितपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

या नियमावरून युरोपात मोठा वाद झाला होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी १७९९ मध्ये तांब्याच्या कार्बोनेटवरचं काम प्रसिद्ध केलं. खाणीतून आलेलं असो की प्रयोगशाळेत बनवलेलं, त्यातल्या घटकांचं प्रमाण तेच, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या विरोधात होते क्लोद लुई बेर्थोले, त्या काळातले मोठे रसायनशास्त्रज्ञ. प्रमाण परिस्थितीनुसार बदलू शकतं, असं ते मांडत आणि पुराव्यादाखल मिश्रधातू, काच, द्रावणं यांची उदाहरणं देत. आज आपण या तिन्हींना मिश्रणांत टाकतो. म्हणजे मिश्रण आणि संयुग यांतली रेघ त्या वादातूनच ठळक झाली. पुढे डाल्टन यांच्या अणुसिद्धान्ताने प्रूस्त यांच्या नियमाला कारण दिलं: अणू पूर्ण संख्येने जोडले जातात, अर्धा-पाऊण अणू जोडला जात नाही.

बेर्थोले यांच्या बाजूने एवढं सांगायला हवं की काही घन संयुगं प्रमाणात किंचित ढिली असतात. फेरस ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या १०० अणूंमागे लोखंडाचे साधारण ९५ च अणू असतात. शालेय पातळीवर हे लागत नाही, पण हुशार मुलाने विचारलं तर लपवू नये.

तिसरी पायरी: पाणी मिसळलेलं आहे की बांधलेलं?

माझा आवडता भाग हा आहे, कारण इथे एकाच पदार्थात दोन्ही गोष्टी सापडतात.

चुनकळीवर, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइडवर, पाणी घातलं की ती खदखदते, फुटते, वाफा येतात आणि तिचा भुगा होतो. ५६ किलो शुद्ध चुनकळी १८ किलो पाणी स्वतःत बांधून घेते आणि ७४ किलो विरलेला चुना तयार होतो. प्रत्यक्षात आपण त्याहून खूप जास्त पाणी घालतो, म्हणून हाती मऊ लगदा येतो. लगदा उन्हात वाळवला की जास्तीचं पाणी उडून जातं. ते नुसतं मिसळलेलं होतं. बांधलेलं पाणी मात्र कितीही कडक उन्हात जात नाही. त्यासाठी ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापवावं लागतं. चुनकळी विरवण्याचं काम मुलांकडे देऊ नका. तिचे शिंतोडे डोळ्यांना कायमची इजा करू शकतात. तयार चुना पाण्यात ढवळून, वरची निवळी घेऊन त्यात नळीने फुंकर मारणं मुलांसाठी ठीक आहे. निवळी दुधाळ होते, कारण श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिच्याशी जोडला जाऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतं. फुंकताना निवळी तोंडात ओढली जाणार नाही एवढं मात्र पाहा.

आता तुरटी. दाढीसाठी मिळते तशी पारदर्शक तुरटी २० ग्रॅम घ्या. खडा हाताला कोरडा ठणठणीत लागतो. जुन्या कढईत मध्यम आचेवर ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. खडा आधी वितळतो, मग बुडबुडे येतात आणि शेवटी पांढरी, हलकी लाही उरते. गार झाल्यावर वजन केलंत तर ती ११ ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे त्या कोरड्या खड्यात जवळजवळ निम्मं पाणी होतं! लाही झाल्यावर तापवत राहू नका, पुढे घातक वायू निघू लागतात.

मग तुरटी हे पाण्याचं मिश्रण का नाही? पाणी तर साध्या उष्णतेने निघालं. इथे प्रमाणाची कसोटी कामाला येते. तुरटीच्या प्रत्येक स्फटिकात ठरावीक संख्येने पाण्याचे रेणू असतात, ॲल्युमिनियमच्या एका अणूमागे बारा. खडा छोटा घ्या की मोठा, या दुकानातला की त्या, शुद्ध तुरटीत हा आकडा बदलत नाही. ओल्या वाळूत पाणी पाच टक्के असेल नाहीतर पंधरा, वाळूला फरक पडत नाही. शाळेतलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, हेही याच जातीचं. निळा स्फटिक परीक्षानळीत तापवला की पाणी जातं, पांढरी पूड उरते आणि तिच्यावर थेंबभर पाणी टाकलं की निळा रंग परत येतो.

‘उष्णता निघाली किंवा शोषली गेली म्हणजे रासायनिक बदल’ असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नका. फवारणीसाठी युरिया विरघळवताना भांडं गार पडतं हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तिथे नवीन संयुग बनत नाही. पाणी आटवलं की युरिया परत मिळतो.

चौथी पायरी: उकळताना तापमानावर लक्ष ठेवा

शुद्ध पदार्थ ठरावीक दाबाला एकाच तापमानाला उकळतो. पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं आणि पातेलं कोरडं होईपर्यंत तापमान तिथेच राहतं. साखरेच्या पाकात स्वयंपाकाचा तापमापक धरा. पाणी आटत जाईल तसं तापमान चढत जातं. एकतारी पाकाला ते वेगळं असतं, गोळीबंद पाकाला त्याहून वर. गुऱ्हाळात गूळ उतरवण्याच्या वेळी काहिलीतलं तापमान ११५ अंशांच्या वर गेलेलं असतं. चढत जाणारा उत्कलनबिंदू ही मिश्रणाची खूण आहे.

शाळेतला प्रसिद्ध प्रयोग

लोखंड आणि गंधकाचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, हवेशीर प्रयोगशाळेतच करावा. घरी अजिबात नको. वजनी प्रमाण ७ ला ४, कारण लोखंडाचं अणुवस्तुमान ५६ आणि गंधकाचं ३२. तापवण्यापूर्वी चुंबकाने कीस वेगळा होतो. तापवल्यावर मिश्रण लालभडक होतं आणि बर्नर काढून घेतला तरी ती लाली स्वतःहून पुढे सरकते, कारण अभिक्रियेतूनच उष्णता निघते. हा क्षण मुलांना दाखवायला चुकू नका. थंड झाल्यावर करडा-काळा आयर्न सल्फाइड मिळतो. तो चुंबकाला चिकटलाच तर बहुधा लोखंड जास्त झालेलं असतं किंवा अभिक्रिया अपुरी राहिलेली असते. आम्ल टाकून सडक्या अंड्यांचा वास दाखवायचा मोह टाळलेला बरा. तो हायड्रोजन सल्फाइड असतो आणि विषारी असतो.

कसोट्या चकवतात तिथे

‘मिश्रण भौतिक पद्धतीने सहज वेगळं होतं’ हे वाक्य सोन्यापाशी अडतं. २२ कॅरेटच्या दागिन्यात ९१.६ टक्के सोनं असतं, १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के. बाकी तांबं, चांदी वगैरे. प्रमाण हवं तसं बदलता येतं, म्हणून हे मिश्रणच. पण ना चुंबक चालतो, ना गाळणी. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभर सोनं-चांदी शुद्ध करण्याचं काम करतात. या धंद्यात भट्टीबरोबर आम्लही लागतं, म्हणजे रासायनिक पद्धत. ‘सहज वेगळं होतं का’ ही कसोटी इथे नापास होते; प्रमाणाची होत नाही.

उकळण्याची कसोटी अल्कोहोलपाशी अडते. साखर कारखान्यांच्या आसवनीत मळीपासून बनवलेलं इथेनॉल (म्हणजेच अल्कोहोल) ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून वाफ पुन्हा गार करून, शुद्ध करत नेलं की वजनाने ९५.६ टक्क्यांना गाडी थांबते. उरलेल्या पाण्यासकट ते ७८.२ अंशांना एखाद्या शुद्ध पदार्थासारखं उकळत राहतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल याहून कोरडं लागतं, म्हणून शेवटचं पाणी झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाच्या कणांकडून शोषून घेतात. हे संयुग नाही कशावरून? दाब बदलला की ते ९५.६ चं प्रमाणही सरकतं. संयुगाचं प्रमाण दाबाने असं सरकत नाही.

आणि हवा. तिच्यात नायट्रोजन ७८ टक्के आणि ऑक्सिजन २१ टक्के, जवळजवळ जगभर सारखंच. मग प्रमाण ठरलेलं नाही का? पाणी उकळून त्यात विरघळलेली हवा गोळा केली तर तिच्यात ऑक्सिजन सुमारे एक तृतीयांश भरतो, कारण तो नायट्रोजनपेक्षा पाण्यात जास्त विरघळतो. हवा संयुग असती तर तिचे घटक असे आपापल्या मर्जीने विरघळले नसते. याच हवेने ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना कोड्यात टाकलं होतं. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून मिळवलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरे, तर संयुगांपासून बनवलेला १.२५०५ ग्रॅम. तिसऱ्या दशांश स्थळातला हा फरक त्यांनी दुर्लक्षिला नाही. १८९४ मध्ये त्यांनी आणि विल्यम रॅमझी यांनी जाहीर केलं की ‘हवेतला नायट्रोजन’ हेच एक मिश्रण होतं. त्यात एक नवा वायू दडलेला होता: आर्गॉन.

सरावासाठी

सरावाला सिमेंट घ्या. ते नेहमीच्या प्रश्नपत्रिकेत नसतं, पण चारही पायऱ्यांची परीक्षा घेतं. पोत्यातली कोरडी पावडर हे अनेक संयुगांचं मिश्रण आहे. त्यात वाळू, खडी कितीही कालवा, तेही मिश्रणच. पाणी पडलं की कॅल्शियमची सिलिकेटं पाणी बांधून नवी संयुगं बनवू लागतात आणि माल गरम होतो. नंतर वाळवून किंवा दळून मूळ सिमेंट परत मिळत नाही. खडी आणि वाळूचे कण मात्र बव्हंशी जसेच्या तसे राहतात. म्हणून तयार काँक्रीट हे वाळू, खडी आणि या नव्या संयुगांचं मिश्रण आहे. नव्या स्लॅबवर निदान सात दिवस पाणी मारत राहायचं तेही याचसाठी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी बांधून घट्ट होतं. मधेच ते कोरडं पडलं तर अभिक्रिया अर्धवट राहते आणि स्लॅब कच्चा राहतो.